तुमचा कोळसा भरल्यावर काय करायचं?

वनस्पतिजन्य कोळसा वापरून सांडपाण्यातले जड धातू काढण्यावर संशोधन करणाऱ्या राज्यातल्या प्राध्यापकांना, मार्गदर्शकांना आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना खुलं पत्र

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात आमचं प्लेटिंगचं लहानसं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलेलं. तांबं, निकेल आणि वर क्रोम, असं तिहेरी मुलाम्याचं काम आम्ही करतो. दुचाकीचे पार्ट, नळ, कपाटांच्या मुठी, जे येईल ते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर ‘चार महिने ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) बघ, मग नोकरी शोध’ असं वडील म्हणाले होते. ते चार महिने अजून संपलेले नाहीत. त्यामुळे हे पत्र अर्धं तुमच्या बाजूच्या आणि अर्धं टाक्यांच्या बाजूच्या माणसानं लिहिलंय असं समजा.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातून एक विद्यार्थी आमच्याकडे आला. हातात दोन रिकामे कॅन. जांभळाच्या बियांपासून कोळसा केलाय, त्यावर क्रोमियम बसवून बघायचंय, खरं सांडपाणी हवंय, म्हणाला. मला इतका आनंद झाला की पहिल्या रिन्सचं, म्हणजे प्लेटिंगनंतर पार्ट बुडवून धुतात त्या टाकीचं, पाणी मी स्वतः भरून दिलं, वर चहा पाजला. दीडेक वर्षानं त्याचा शोधनिबंध व्हॉट्सॲपवर आला. शेवटी आभारात आमचा एक ओळीचा उल्लेख होता. क्रोमियम नव्याण्णव टक्क्यांच्या वर निघालं होतं. मी ‘साहित्य आणि पद्धती’ उघडून वाचलं. पाणी होतं डिस्टिल्ड वॉटर, त्यात पोटॅशियम डायक्रोमेट विरघळवलेलं. आमच्या दोन कॅनचा कुठेच पत्ता नाही.

मी फोन केला. पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, “मॅडम, तुमच्या पाण्यात रिझल्ट नीट येत नव्हते. सरांनी सांगितलं, तो भाग राहू दे.”

त्या अख्ख्या कामातली माझ्या उपयोगाची गोष्ट तेवढीच होती, ‘तुमच्या पाण्यात नीट येत नव्हते’. का येत नव्हते? सल्फेटमुळे? ब्राइटनरमुळे, म्हणजे चकाकीसाठी घालायच्या सेंद्रिय रसायनामुळे? की निकेलही सोबत होतं म्हणून? हे लिहिलं असतं तर ती चार पानं मी लॅमिनेट करून ईटीपीच्या भिंतीवर लावली असती.

त्या मुलावर माझा राग नाही. मी स्वतः एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला भाताच्या तुसावर शिसं बसवलं होतं आणि मलाही असाच सुंदर आलेख मिळाला होता. म्हणून तर हे धाडस करतेय.

आधी आमच्या पाण्याची ओळख करून देते. क्रोमच्या टाकीतून पार्ट टांगलेला रॅक वर उचलला की जॉबला चिकटून थोडं द्रावण बाहेर येतं, त्याला आम्ही ड्रॅग-आउट म्हणतो. ते रिन्सच्या टाकीत उतरतं आणि पाणी पिवळं होतं. तो पिवळा रंग म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, आमच्या बोलीत ‘हेक्झा’. तो कॅन्सरकारक आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आमच्याकडे तो वेगळ्या तऱ्हेनं माहीत आहे. वडिलांच्या वेळच्या एका कामगाराच्या नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं होतं. क्रोमच्या टाकीवरची वाफ वर्षानुवर्षं नाकात गेली की असं होतं. तेव्हा ना टाकीवर एक्झॉस्ट, ना तोंडावर मास्क. लहानपणी आम्हा पोरांना ते भोक म्हणजे गंमत वाटायची. इंद्रायणीवर फेस आला की सगळ्यांचे कॅमेरे कारखान्यांकडे वळतात; पण फेस मुख्यतः साबणा-डिटर्जंटचा असतो. जड धातूला ना फेस, ना वास. पिवळेपणासुद्धा पुरेसं पाणी मिसळलं की दिसेनासा होतो. तमिळनाडूतल्या राणीपेटला एका बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्यानं मागे ठेवलेला लाखाहून जास्त टनांचा ढीग वर्षानुवर्षं जमिनीत झिरपत राहिला, तोही असाच, काही गाजावाजा न करता.

या हेक्झाचं आम्ही काय करतो, तेही सांगते. पाणी आम्लात घेऊन पीएच दोन-अडीचवर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट सोडायचं. पिवळं पाणी डोळ्यांदेखत हिरवं होतं. हेक्झाचं ट्राय, म्हणजे गाळ होऊन खाली बसू शकणारं ट्रायव्हॅलंट क्रोमियम, झालं. मग पाण्यात कालवलेला चुना घालून पीएच साडेआठपर्यंत चढवायचा. क्रोमियम हायड्रॉक्साइडचा गाळ बसतो, तो फिल्टर प्रेसमध्ये दाबून केक काढायचा, पिशव्यांत भरायचा आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पैसे मोजून पाठवायचा. ही पद्धत जुनी आहे, कंटाळवाणी आहे, पण चालते. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात हेक्झा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियम २ मिलिग्रॅम आणि निकेल ३ मिलिग्रॅम यांच्या आत असलं पाहिजे, असं केंद्र सरकारच्या पर्यावरण संरक्षण नियमांतली सर्वसाधारण मानकं सांगतात. हे तीन आकडे आमच्याकडे ऑपरेटरलाही पाठ आहेत.

आता तुमच्या कोळशाला या पद्धतीशेजारी उभं करून बघू या. हिशेब साधा आहे, पाटीवर होईल असा.

समजा, एका छोट्या शॉपचं रोजचं क्रोमचं पाणी पाच हजार लिटर आहे आणि त्यात हेक्झा लिटरला ५० मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला २५० ग्रॅम क्रोमियम. तुमच्या निबंधात लँगम्युअरच्या समीकरणातून एक आकडा निघतो, कोळशाची कमाल धारणक्षमता. उदाहरणादाखल तो ग्रॅमला १०० मिलिग्रॅम धरू. ऐकायला झकास. वाचणाऱ्याला वाटतं, २५० ग्रॅमला अडीच किलो कोळसा पुरला. पण तो १०० चा आकडा पाण्यात भरपूर क्रोमियम उरलेलं असतानाचा आहे. मला तर पाण्यात ०.१ च उरवायचंय. तिथे कोळसा किती धरेल, हेही तेच समीकरण सांगतं. लँगम्युअरचा दुसरा स्थिरांक ०.०५ धरला, तर ०.१ मिलिग्रॅमशी समतोल साधताना तोच कोळसा ग्रॅमला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम धरतो. म्हणजे कोळसा पाण्यात टाकून, ढवळून, गाळून घ्यायचा असेल, तर मला रोज पाचशे किलो कोळसा लागेल. दिवसाला अर्धा टन! एवढा कोळसा ठेवायला शेजारचा गाळा भाड्यानं घ्यावा लागेल.

यात काहीही नवं नाही, तुम्ही हे पहिल्या वर्षाला शिकवता. लँगम्युअरनं ते समीकरण १९१८ साली मांडलं, तेही काच, अभ्रक आणि प्लॅटिनमवर बसणाऱ्या वायूंसाठी. पण मी वाचलेल्या बहुतेक निबंधांत कमाल क्षमतेचा आकडा गोषवाऱ्यात ठळक असतो आणि कायद्याच्या मर्यादेपाशी कोळसा किती धरतो, हे गणित कुठेच नसतं. दोन ओळींचं काम आहे हो.

हाच कोळसा उभ्या नळकांड्यात भरून पाणी वरून खाली सोडलं, तर चित्र पालटतं. वरचा थर येणाऱ्या ५० मिलिग्रॅमच्या पाण्याशी समतोल साधतो, तिथे वरच्याच समीकरणानं ग्रॅमला सत्तरेक मिलिग्रॅम बसतात. खालचा ताजा थर उरलंसुरलं टिपतो. म्हणून कॉलमचा, म्हणजे अशा नळकांड्याचा, प्रयोग हा प्रबंधाच्या शेवटी जोडायचा उपचार नव्हे, आमच्यासाठी सगळा प्रबंध तोच आहे. आणि कॉलममध्ये गेल्यावर प्रयोगशाळेच्या चंबूत कधी न पडलेले प्रश्न पडतात. बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, कोळसा मऊ, त्याचा भुगा होतो आणि पाणी उतरायचंच थांबतं. नारळाच्या करवंटीचा कोळसा टणक, तो टिकतो. चंबूत पूड जितकी बारीक तितका आलेख छान. नळकांड्यात पूड म्हणजे बूच.

तरी समजा कॉलम छान चालला. खऱ्या पाण्यात सल्फेट, क्लोराइड, निकेल, ब्राइटनर सगळे जागेसाठी धक्काबुक्की करतात, म्हणून सत्तरचे आपण वीस धरू. तेव्हा रोज साडेबारा किलो कोळसा भरला. महिन्याला पंचवीस दिवस धरले तरी तीनशे किलोंच्या वर. त्याच २५० ग्रॅम क्रोमियमला मेटाबायसल्फाइट रासायनिक हिशेबानं सातशे ग्रॅमच्या आत लागतं, प्रत्यक्षात किलो-सव्वा किलो म्हणा. त्यातून निघणारं कोरडं क्रोमियम हायड्रॉक्साइड अर्धा किलो. ओला केक, जादा चुना, जिप्सम धरून वजन पुष्कळ वाढतं, हे कबूल. पण साडेबारा किलो घातक कोळशापुढे मेटाबायसल्फाइटला ‘कालबाह्य आणि खर्चिक’ म्हणायचं धाडस तुमच्या प्रस्तावनेतच होतं, आमच्या खातेवहीत होत नाही.

आणि इथेच माझा मुख्य प्रश्न येतो, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. तुमचा निबंध संपतो तिथे कोळसा भरलेला असतो. माझं काम तिथून सुरू होतं. भरलेल्या कोळशाचं मी काय करू? पिशवीत भरून ठेवू? किती दिवस? घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या खास परवानगीशिवाय नव्वद दिवसांपलीकडे साठवू देत नाहीत. घातक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठवू? तिथे वजनावर पैसे लागतात, आणि कोळशात निम्मं वजन पाण्याचं असतं. जाळू? क्रोमियम जळून नाहीसं होत नाही. राखेत राहतं, आणि हवा व अल्कली मिळाली तर ट्रायचं पुन्हा हेक्झा होण्याची भीती. आम्लानं धुऊन परत वापरू? मग ते आम्लपाणी कुठे सोडू? चुना घालून गाळ बसवायचा, तर मग पहिल्याच दिवशी चुना घालून का नको बसवू?

‘तीन ते पाच वेळा पुनर्वापर शक्य’ एवढं वाक्य निबंधात असतं. पाचव्यानंतर काय, हे मी तरी अजून वाचलेलं नाही.

कोळसा भरणं ही अडचण नाही, उलट कामाची खरी सुरुवात आहे, असं मानणारा एक धंदा जगात आहे. सोन्याचा. खनिजातलं सोनं सायनाइडच्या द्रावणात उतरवतात आणि ते कोळशावर बसवतात. अमेरिकेत साउथ डकोटातल्या होमस्टेक खाणीत १९७३ पासून ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली आणि मग जगभर पसरली. त्यासाठी जगभर पसंती कशाला, तर आपल्या नारळाच्या करवंटीच्या कोळशाला. कारण तो फारसा झिजत नाही; कोळसा झिजला की भुग्याबरोबर सोनंही वाहून जातं. भरलेला कोळसा ते गरम अल्कधर्मी द्रावणानं धुतात, सोनं उतरवून घेतात, कोळसा भट्टीत तापवून पुन्हा ताजा करतात आणि परत टाकीत सोडतात. करवंटी तीच, रंध्रं तीच, विज्ञान तेच. फरक एवढाच की सोन्याच्या भरलेल्या कोळशाकडे कुणी पाठ फिरवत नाही. क्रोमियमच्या कोळशाचं मोल शून्याखाली आहे, म्हणून त्याचा विचार जास्त करायला हवा. होतं मात्र उलटं.

थोडं प्रयोगशाळेतल्या चुकांबद्दलही बोलते. लहान तोंडी मोठा घास होईल, पण बाहेरच्या माणसाला कधीकधी जास्त दिसतं.

हेक्झा मोजायला तुम्ही डायफेनिलकार्बाझाइड घालता. जांभळा रंग, ५४० नॅनोमीटर, आम्हीही तेच करतो. रंग आला नाही म्हणजे हेक्झा नाही, हे बरोबर. पण क्रोमियम नाही, हे बरोबर नाही. पीएच दोनला कोळसा आणि विशेषतः बाभळीच्या सालीसारखा टॅनिनयुक्त माल हेक्झाचं ट्राय करतो, म्हणजे आमच्या मेटाबायसल्फाइटचंच काम करतो. झालेलं ट्राय पाण्यात तसंच राहतं, कारण आम्लात कोळशाचा पृष्ठभाग धनभारित असतो आणि ट्रायही धनभारित. दोघांचं जमत नाही. मग तुम्ही लिहिता ‘अधिशोषण ९९ टक्के’, म्हणजे एवढं क्रोमियम कोळशावर चिकटलं, आणि क्रोमियम गाळलेल्या पाण्यात आरामात बसलेलं असतं, फक्त कपडे बदलून. एकूण क्रोमियम ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर, म्हणजे धातू मोजायच्या यंत्रावर, एकदा मोजलं तरी पुरतं. ही गोष्ट अधिशोषणाच्या संशोधनात फार पूर्वी मांडून झाली आहे. तरी आजही फक्त जांभळ्या रंगावर उभे असलेले निबंध येतच आहेत.

शिशाचं उलटं. पीएच सहाच्या वर गेला की शिसं हायड्रॉक्साइड होऊन आपणच खाली बसायला लागतं. कोळसा न घालता तोच पीएच, तेच पाणी, तेवढाच वेळ ढवळून बघितलं का? माझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये मी नव्हतं बघितलं. तो सुंदर आलेख अर्धा तरी चंबूच्या बुडाशी बसलेल्या गाळाचा असणार. बारा वर्षांनी ईटीपीत चुना घालताना ते लक्षात आलं आणि एकटीच हसले.

कच्च्या मालाला ‘फुकट उपलब्ध असलेला कचरा’ म्हणणंही आता थांबवा. बगॅस फुकट नाही. साखर कारखाना तो बॉयलरमध्ये जाळतो, त्यावर वीज करतो आणि ती विकतो. उरलेला कागदवाले उचलतात. कारखान्याच्या गेटवर जाऊन ‘तुमचा कचरा द्या’ म्हणा, बघा काय होतं ते. करवंटी कोकणात बंबाखाली जळते आणि दक्षिणेतले कोळशाचे कारखाने ती विकत घेतात. विदर्भातल्या कापसाच्या पऱ्हाट्या मात्र खरोखर वाया जातात. चुलीपुरत्या घरी येतात, बाकी बांधावर किंवा वावरातच पेटवतात. साखर कारखान्याच्या बॉयलरची राख, जिच्यात अर्धवट जळालेला कोळसा असतोच, तीही खरी अडगळ आहे. या दोन गोष्टींवर काम झालंय, पण जांभूळ, सीताफळ, आंब्याची कोय, चिंचोका, फणसाची आठळी अशी प्रत्येक विद्यार्थ्याला नवी बी देण्याची जी चढाओढ लागली आहे, तिच्यात ते हरवून जातं. नवी बी म्हणजे नवा निबंध, एवढाच तिचा गुण. वर्षाकाठी ट्रकभर मिळणार नाही अशा बीचा कोळसा करून मी काय करू?

शिवाय एक किलो कोळशाला तीन-चार किलो कच्चा माल लागतो. रासायनिक पद्धतीनं सक्रिय करायचा तर फॉस्फोरिक आम्ल किंवा झिंक क्लोराइड लागतं, आणि नंतर धुवायला पाणी. झिंक क्लोराइडनं केलेल्या कोळशातून पाण्यात जस्त उतरतं का, ते कुणी बघत नाही. जड धातू काढायला आणलेला पाहुणा स्वतःच एक जड धातू घेऊन यायचा. आणि कोळसा न करता कच्ची सालच वापरली, तर ती पाण्यात रंग आणि टॅनिन सोडते, आमचा सीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण मोजणारा आकडा, चढतो. सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. एक नोटीस टाळायला दुसरी ओढवून घ्यायची.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, बाईला कोळशाचा तिटकारा आहे. अहो, आमच्या शॉपमध्ये कोळसा कायमचा आहे! निकेलच्या बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीतल्या द्रावणात, ब्राइटनर सडून प्लेटिंग काळपट, ठिसूळ यायला लागलं की आम्ही ‘कार्बन ट्रीटमेंट’ करतो. सक्रिय कोळसा घालून, ढवळून, गाळून घेतो. सेंद्रिय घाण कोळशावर बसते, निकेल जवळपास सगळं बाथमध्येच राहतं. महाराष्ट्रातला कुठलाही प्लेटर हे डोळे मिटून करतो. म्हणजे कोळसा काय उचलतो आणि काय सोडून देतो, याचा आमचा रोजचा अनुभव आहे. तो विचारायला मात्र आजवर कुणी आलं नाही.

आणि तुमच्या कोळशाला आमच्याकडे एक खरी जागा आहे. ती मी दाखवते.

क्रोमियम साडेआठ पीएचला छान बसतं. निकेलला मात्र दहाच्या आसपास लागतो. तेवढा चढवला तर क्रोमियम पुन्हा विरघळायला लागतं. छोट्या शॉपमध्ये दोन वेगळ्या लाइनी ठेवायला जागा नसते, सगळं पाणी एकाच टाकीत येतं आणि मधला कुठलातरी पीएच धरावा लागतो. त्यात बाथमधली सेंद्रिय आम्लं निकेलला कवटाळून बसतात, त्याला खाली बसू देत नाहीत. मग निकेल रेंगाळतं. लिटरला पाच, सहा, कधी सात. मर्यादा तीन. ते वरचे चार मिलिग्रॅम हा आमच्यासारख्यांचा खरा डोकेदुखीचा भाग आहे, पाच हजार लिटरला दिवसाला वीस ग्रॅम. इथे मेटाबायसल्फाइट कामाचं नाही, चुना कामाचा नाही. निकेल धरणारं खास रेझिन मिळतं, ते महाग. इथे कोळशानं, म्हणजे पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट वाढवलेल्या कोळशानं, ग्रॅमला पाच मिलिग्रॅम जरी धरले, तरी रोजचा चार किलो, महिन्याचा शंभर किलो. हे झेपतं. आणि निकेल आम्लात सुटतं, म्हणजे सौम्य गंधकाम्लानं धुतलं तर निकेल सल्फेट हाती येतं, जे आम्ही विकतच घेतो. ते बाथमध्ये परत घालण्याइतकं स्वच्छ असतं का? सोबत चुन्यातलं कॅल्शियम किती येतं? किती फेऱ्यांनंतर कोळसा थकतो? शेवटी थकलेला कोळसा सिमेंटच्या भट्टीत सहप्रक्रियेला, म्हणजे इंधनासोबत जाळायला, चालेल का? त्या वाटेची सोय नियमांत आहे, त्यासाठी मंडळाची परवानगी लागते आणि कोळशात धातू किती उरला त्याचा दाखला लागतो. तो दाखला तुमच्या प्रयोगशाळेतून येऊ शकतो.

यातल्या प्रत्येक प्रश्नात एक प्रबंध आहे. बी कुठलीही चालेल, हवी तर जांभळाची घ्या.

मात्र पाणी कॅल्शियमचं घ्या. चुना घातलेल्या पाण्यात कॅल्शियम निकेलच्या कितीतरी पट असतं आणि कोळशावरच्या जागा तेच आधी अडवतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकटं निकेल सोडून केलेला प्रयोग म्हणजे रिकाम्या एसटीत खिडकीची जागा मिळाली म्हणून फुशारकी मारणं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कोकणच्या गाडीत मिळवून दाखवा.

तुमच्याही अडचणी मला ठाऊक आहेत. ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनचं यंत्र बंद असतं, दिवा उडालेला असतो, बाहेर नमुना तपासायला पैसे नसतात. कॉलम महिनाभर चालवायचा तर रात्री कोण थांबणार? आणि नकारात्मक निकाल छापणार कोण? पूर्वी पीएचडीच्या प्रबंधाआधी निबंध छापून आणायची सक्ती होती, ती यूजीसीनं २०२२ च्या नियमांत काढून टाकली. निदान ते एक कारण तरी कमी झालंय. ‘खऱ्या पाण्यात चाललं नाही, आणि का नाही ते असं’ असा एक प्रकरणभर मजकूर प्रबंधात ठेवायला आता कुणाची हरकत असू नये. विद्यापीठांनी मौखिक परीक्षेत कमाल क्षमतेआधी भरलेल्या कोळशाबद्दल विचारायला सुरुवात केली, तर पुढच्या बॅचचे प्रयोग आपोआप बदलतील.

आमच्या बाजूच्या चुकाही मांडते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. आम्ही प्लेटर लोक नमुना द्यायला घाबरतो. पाणी बाहेर गेलं, आकडा छापून आला, तर उद्या मंडळाचा माणूस दारात, ही भीती असते आणि ती अगदीच निराधार नाही. काहीजण तर विद्यार्थ्याला रिन्सच्या नावाखाली नळाचं पाणी देतात. मग कोळसा शंभर टक्के चालणारच! शिवाय कोळशाचा विचार करण्याआधी जे फुकटात होतं तेही आम्ही करत नाही. रॅक टाकीवर दहा-पंधरा सेकंद जास्त निथळू दिला तर ड्रॅग-आउट लक्षणीय कमी होतं. दोन रिन्स उलट्या प्रवाहात जोडल्या तर पाणी वाचतं. पण पीस-रेटवर काम करणाऱ्या पोराला पंधरा सेकंद थांब म्हणणं सोपं नाही. तो थांबेल असं काहीतरी आम्हालाच शोधावं लागेल. त्यात तुमचा कोळसा काही करू शकत नाही.

तर माझं मागणं एवढंच आहे. तुमच्यापैकी एका विभागानं, एका विद्यार्थ्यानं, एक वर्ष आमच्या पाण्यावर काम करावं. चुना घालून झाल्यानंतरच्या, निकेल रेंगाळलेल्या पाण्यावर. शंभर मिलिलिटरच्या चंबूत नको. सहा इंची पीव्हीसीचा पाइप उभा करू, फिटिंग मी करून देते, पंप आमच्याकडे पडलेला आहे. पाणी रोज बदलतं, सोमवारचं वेगळं आणि शनिवारचं वेगळं, तेही सोसावं लागेल. कोळसा पहिल्यांदा भरला की पार्टी करू. मग तो धुवायला घेऊ, आणि तो कायमचा थकेपर्यंत वहीत लिहीत राहू. वही मराठीत ठेवली तर आमचा ऑपरेटरही त्यात लिहील. पीएच त्याला मीटरच्या आधी कळतो. निबंध तुमच्या नावानं छापा, माझं काही म्हणणं नाही. चाललं नाही तर तेही छापा. आमच्या शॉपचं नाव घालायचं की नाही, ते तेव्हा वडिलांना विचारून ठरवू.

यायचं असेल तर गुरुवारी येऊ नका, इथे गुरुवारी सुट्टी असते आणि बंद टाक्यांचं पाणी कुणालाही निवळशंख दिसतं. चालू दिवशी या, सकाळी अकरानंतर, क्रोमची लाइन तेव्हा सुरू असते. पायात बूट हवेत. आणि या वेळी कॅन आणलेत तर त्यावर तारीख, वेळ आणि पीएच लिहायला मार्करही आणा.

आपली,
एक प्लेटिंगवाली